ताडी, परवाना आणि क्राफ्ट बिअर : डहाणूच्या दीडशे वर्षांचा हिशोब

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या. डहाणू-तलासरीत येऊन दारूवर बोलणार? म्हणून सुरुवातीलाच सांगतो, आम्ही इथे पिण्याचा प्रचार करायला आलेलो नाही. या तालुक्यांत दारूने किती घरं बसली हे इथल्या बायकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आजचा विषय रोजगाराचा आहे, आणि त्या रोजगाराच्या इतिहासाचा.

विषय सुचला तो एका तरुणाच्या प्रश्नावरून. तो मुंबईत एका बिअरच्या ठिकाणी काम करतो. तिथे काचेमागे स्टीलच्या टाक्या आहेत, बिअर तिथेच बनते, आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं : क्राफ्ट. त्याने आम्हाला विचारलं, "सर, क्राफ्ट म्हणजे हाताची कला ना? मग माझा आजा ताडावर चढून काढायचा, ते काय होतं?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. आज आपण तेच करू.

बिअर आणि ताडी : कामाच्या नजरेने

आधी दोन्ही गोष्टी बनतात कशा ते बघू. बिअरला चार वस्तू लागतात : पाणी, जव, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. जवात पिठूळ अंश असतो, साखर नसते. म्हणून जव भिजवतात, त्याला मोड आणतात आणि वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवला की पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि वायू तयार होतो. मग काही दिवस, काही प्रकारांत काही आठवडे, टाकीत मुरत ठेवायचं.

आता ताडी. इथे पिठाची साखर करण्याचा सगळा खटाटोप झाडानेच केलेला असतो. ताडाच्या फुलोऱ्याचे दांडे काही दिवस दाबून, चेपून तयार करायचे, टोकाला धारदार कोयतीने पातळ चकती काढायची आणि खाली मडकं बांधायचं. रस थेंब थेंब पडतो. छेद सुकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पुन्हा पातळ चकती काढावी लागते. म्हणजे साठ-सत्तर फुटांच्या झाडावर दिवसातून दोनदा चढणं-उतरणं आलं. शिंदीचं तंत्र वेगळं, तिथे शेंड्याजवळ खोडालाच छेद देतात. माडाचं आणखी वेगळं, त्याच्या रसाला कोकणात माडी म्हणतात आणि तिथे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या भंडारी समाजाच्या हातात होता.

रस पडतो तेव्हा तो गोडच असतो, ती नीरा. पण मडक्यात, हवेत आणि झाडावर यीस्ट असतंच. ऊन चढलं की रस फसफसायला लागतो आणि काही तासांत त्याची ताडी होते. तिचा जोर साधारण बिअरइतकाच, चार-पाच टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ती आंबट होते आणि पुढे तिचा सिरका होतो. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात आणि सूर्य वर यायच्या आत उतरवतात.

यातला एक मुद्दा लक्षात ठेवा, कारण तो पुढे परत येणार आहे. जव, माल्ट, हॉप्स या वाळवून दूर नेता येणाऱ्या वस्तू आहेत. आपल्याकडच्या क्राफ्ट बिअरमधले हॉप्स बहुतेक परदेशातून येतात, जव राजस्थान-हरियाणाकडचा. ताडीचं तसं नाही. ती काही तासांची वस्तू. जिथे झाड, तिथेच तिचं काम आणि तिथेच मजुरी. डहाणूच्या ताडीतला रोजगार स्वभावतःच गावात राहणारा होता. तो गावाबाहेर गेला, तो कायद्याने नेला.

1878 : भट्टी गेली, ठेकेदार आला

इंग्रजी अमलाआधी दारू-ताडीवर कर नव्हता असं नाही. पण घरच्या मोहाची घरच्या मडक्यात गाळलेली दारू, सणाला-लग्नाला आणि देवाच्या कामाला लागणारी ताडी हा आदिवासी घराच्या व्यवहाराचा भाग होता. वारली चित्रांत बघा. तारपा असतो, लग्नाचा चौक असतो, आणि ताडावर चढणारा माणूसही असतो. याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रपरंपरेत ताड छेदणारा नांगर धरणाऱ्याच्या शेजारी उभा असतो, कारण समाजाच्या नजरेत दोन्ही कामंच होती.

1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड हा त्या व्यवस्थेमागचा मोठा अधिकारी. त्याचं गणित सरळ होतं. गावोगावच्या छोट्या भट्ट्यांवर लक्ष ठेवणं सरकारला जमत नाही, म्हणून त्या बंद करायच्या, मोजक्या मोठ्या भट्ट्या ठेवायच्या आणि विक्रीचा मक्ता बोली लावून ठेकेदाराला द्यायचा. ताड छेदायचा तर झाडागणिक कर भरून परवाना घ्यायचा. सरकारला एका जागी बसून महसूल मिळू लागला.

झाडावर चढणाऱ्याच्या बाजूने बघा काय झालं. काल तो स्वतःच्या झाडाची ताडी काढत होता. आज झाडावर कर आहे, आणि तो भरण्याची ऐपत दुकानदाराची आहे. मग परवाना दुकानदाराच्या नावावर आणि चढणारा त्याचा मजूर. झाड, कोयती आणि माणूस तेच राहिले, कमाई मात्र दुसऱ्याच्या खात्यात जाऊ लागली.

मोहाचं आणखी विचित्र झालं. मुंबई भागाला लागणारी मोहाची दारू उरणच्या मोठ्या भट्ट्यांत गाळली जाई, आणि तिथे लागणारी फुलं पंचमहालसारख्या दूरच्या मुलखातून येत. इकडे ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आपल्या आजच्या पालघरमध्येही, मोहाची झाडं दारात उभी. चैत्रात फुलांचा सडा पडायचा. लोक ती फुलं वाळवून खातही. सरकारला भीती ही, की फुलं घरात राहिली तर घरात दारू गाळली जाईल. म्हणून 1892 मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा आला आणि ठाणे-कुलाबा भागात ती गोळा करण्यावर, साठवण्यावर बंधनं आली. दारातलं फूल उचलणं गुन्हा ठरू शकत होतं, आणि दुसऱ्या मुलखातल्या फुलांची दारू ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेणं कायदेशीर होतं.

दुकानदार उधारी देत असे. उधारी वाढली की धान्य जाई, धान्याने भागलं नाही की जमीन जाई. दारूचा ठेकेदार, सावकार आणि जमीनदार ही तीन माणसं हळूहळू एकच होत गेली. या पट्ट्यातल्या ठेक्यांत काही पारशी घराणी होती, सावकारी करणारे इतर समाजाचे लोकही होते. दोष एखाद्या समाजाचा म्हणून सांगत नाही. मक्त्याची रचनाच अशी होती की ज्याच्याकडे भांडवल तोच टिकायचा.

1922 : देवीने काय सांगितलं

आता अशी घटना, जी आम्हाला या सगळ्या इतिहासात फार महत्त्वाची वाटते. 1922 मध्ये पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांत देवी अंगात येऊ लागली. ती लाट डोंगराकडे सरकली आणि आदिवासी पाड्यांतून उत्तरेला जात त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोचली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे. देवी ज्याच्या अंगात येई तो लोकांना सांगे : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. पुढे पुढे दारूच्या दुकानदारांकडे मजुरीला जाऊ नका, असंही सांगितलं गेलं.

बाहेरच्या माणसाला वाटेल ही अंधश्रद्धा. हार्डिमन त्यात लोकांचं स्वतःचं राजकारण बघतात, आणि आम्हाला ते पटतं. ज्या वस्तूच्या नावाने कर्ज होत होतं ती वस्तूच लोकांनी एकदम टाकून दिली. ठेकेदाराचं उत्पन्न तुटलं. देवीची लाट ओसरल्यावर अनेकजण परत प्यायला लागले, हेही खरं. पण व्यसन आणि शोषण एकाच दुकानातून येतं, हे इथल्या लोकांनी कुणा पुढाऱ्याने सांगण्याआधी ओळखलं होतं.

ही घटना सांगायचं कारण आहे. आज कुणी ताडीला परंपरा म्हणून डोक्यावर घेतो, कुणी तिला फक्त नशा म्हणून झटकून टाकतो. देवीच्या वेळचे लोक दोन्ही जाणत होते. ताडी त्यांची होती, आणि तरी त्यांनी ती सोडली, कारण तिच्यावरचा ताबा त्यांचा राहिला नव्हता.

कर्जाची दुसरी वाट लग्नाची. लग्नात धान्य लागे, जेवण लागे, ताडी लागे. त्यासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि फेडीसाठी नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं, याला लग्नगडी म्हणत. 1930 च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासी भागांवर सरकारला अहवाल दिला, त्यात ही गुलामी नोंदली गेली. ती मोडली मात्र लोकांनीच. 23 मे 1945 ला झरीला किसान सभेची परिषद झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वेठबिगार आणि लग्नगडीविरुद्धचा लढा तलासरी-डहाणूच्या पाड्यापाड्यांत गेला. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. इथल्या माणसाने स्वतःच्या श्रमावरचा हक्क एवढी किंमत देऊन परत मिळवला. ताडावरचा हक्क मात्र परत आला नाही.

दारूबंदीची वर्षं आणि नीरेचा प्रयोग

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून पूर्ण दारूबंदी. ताडीही बंद. झाड छेदणाऱ्याला सांगण्यात आलं, नीरा काढ, गूळ कर. ही कल्पना गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून आलेली. या कामाशी डहाणूचं नातं जवळचं आहे. ताडगुळाचे जाणकार गजानन नाईक यांच्या नावाचं खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं प्रशिक्षण केंद्र डहाणूत आहे.

कल्पना चांगली होती. पण नीरा पहाटेची वस्तू. ती थंड ठेवायला बर्फ हवा, स्टेशनपर्यंत न्यायला गाडी हवी, विकायला केंद्र हवं आणि त्या केंद्रालाही परवाना हवा. यातलं काही चुकलं की नीरेची ताडी होते आणि नीरावाला गुन्हेगार ठरतो. 1960 च्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली तेव्हा गुजरातने ती कायम ठेवली. त्यामुळे तलासरी हा कोरड्या आणि ओल्या राज्याच्या सीमेवरचा तालुका झाला. अशा सीमेवर चोरटा धंदा वाढतो, आणि त्यात पकडला जातो तो बहुतेक वेळा पिशवी उचलणारा.

कायदा आजही तोच आहे, नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. गंमत बघा, पुण्या-मुंबईत ज्या टाक्यांतून क्राफ्ट बिअर वाहते, त्यांचे परवानेही याच दारूबंदी कायद्याखाली मिळतात.

1978 : एका अक्षरी बदलाचा परिणाम

आता थोडं बाहेर जाऊ. 1878 ला मुंबई इलाख्यात घरचं मडकं बंद झालं. बरोबर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर 1978 मध्ये, अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली. त्यात घरापुरती बिअर घरी बनवायला परवानगी आणि करमाफी होती. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठल्यावर घरची वाइन कायदेशीर झाली, पण घरची बिअर मात्र कायद्यात राहूनच गेली होती.

परिणाम काय? त्या सुमारास तिथे बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते, सगळे मोठे. लोक गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरात बिअर बनवू लागले. बनवता बनवता शिकले, काहींनी छोटे कारखाने काढले. आज ती संख्या नऊ हजारांवर आहे. इंग्लंडमध्ये त्याआधीच, 1971 मध्ये, पिंपातल्या पारंपरिक बिअरसाठी ग्राहकांची चळवळ उभी राहिली होती. क्राफ्ट बिअरचं वेड म्हणतात ते असं आलं. लहान भांड्याला कायद्याने जागा दिली, आणि लहान भांड्यातून नवे कारागीर तयार झाले.

महाराष्ट्रात ही लाट पुण्यातून आली. 2009 मध्ये डूलाली सुरू झाली, ती राज्यातली पहिली सूक्ष्म बिअरशाळा. मुंबईला 2013 मध्ये लोअर परळच्या बार्किंग डिअरपासून सुरुवात झाली. मग डोंबिवलीत गेटवे, पुण्यात इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट अशी नावं येत गेली. पुण्यातच मूनशाइनने मधाची मीड बाजारात आणली. कोकम, आंबा, ज्वारी, गूळ अशा आपल्या जिनसा लोक टाक्यांत घालून बघू लागले. लोकप्रियता वाढली याची कारणं काही फार गूढ नाहीत. शहरात मिळवत्या तरुणांची संख्या वाढली, तीच ती बाटलीतली बिअर पिऊन कंटाळा आला होता, आणि समोर बनलेली ताजी वस्तू पिण्यात मजा वाटली. ताजेपणा! ताडी पिणाऱ्याला हे कुणी शिकवायला नको होतं.

या धंद्यात कामं कोणती?

आता त्या तरुणाच्या पोटाचा प्रश्न. छोट्या बिअरशाळेत मुख्य ब्रूअर असतो, त्याच्या हाताखाली एक-दोन सहायक. बाहेरून वाटतं ब्रूअर दिवसभर चव घेत बसतो. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक दिवस धुण्यात जातो. टाकी, पाइप, झडपा, पिंपं, सगळं रसायनाने धुवायचं, निर्जंतुक करायचं. चुकीचा जंतू शिरला की अख्खी टाकी ओतून द्यायची. मग तापमान, साखरेची घनता आणि आंबटपणा यांच्या नोंदी. उत्पादन शुल्क खात्याची वही रोज लिहायची. थंडीची यंत्रणा आणि नळ दुरुस्त करणारा तंत्रज्ञ लागतो. माल आणणारे, पिंपं पोचवणारे, स्वयंपाकी, वाढणारे, आणि ग्राहकाला बिअरचा प्रकार समजावून सांगणारे लागतात. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किण्वन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं. विज्ञान शाखेच्या मुलामुलींना ही वाट खुली आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टाक्यांमागची, शिक्षणाची आणि चांगल्या पगाराची कामं थोडी. जास्त कामं समोर, वाढण्याची आणि आवरण्याची. रानशेतचा मुलगा तिथे गेला तर बहुधा समोरच्या कामावर लागतो. वापी, उंबरगाव, बोईसरच्या कारखान्यांत जातो तसाच. त्या कामात कमीपणा काही नाही. मात्र आजाने झाडावर कमावलेलं ज्ञान त्याला तिथे कुणी विचारत नाही.

मग डहाणूत काय होऊ शकतं?

डहाणू तालुका 20 जून 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. मोठ्या, प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना इथे अटकाव आहे. त्यामुळे शेती-बागायतीवर उभा राहणारा लहान उद्योग हीच इथली मोठी वाट. त्याची उदाहरणं समोर आहेत.

पहिलं चिकूचं. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू झाडावरून उतरला की चार दिवसांत मऊ पडतो, बाजार पडला की बागायतदार हतबल. बोर्डीला हिल झिल वाइन्सने याच चिकूची वाइन बनवली. फळ इथलं, कारखाना इथला, काम इथलं. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिकला वाइनचा धंदा फोफावला. धोरण असेल तर फळापासून रोजगार गावात राहू शकतो, हे नाशिकने दाखवलं.

दुसरं ताडाचं. 16 जून 2020 ला खादी आयोगाने डहाणूतच नीरा आणि ताडगुळाचा प्रकल्प सुरू केला. 200 स्थानिक कारागिरांना सात दिवसांचं प्रशिक्षण आणि सुमारे 15,000 रुपयांची अवजारं देण्यात आली, त्यात स्टीलची कढई, साचे, शेगडी, सुऱ्या, दोर होते. 400 जणांना थेट काम मिळेल असं तेव्हा सांगितलं गेलं. या कार्यक्रमात सरकारी भाषेत ताडावर चढणाऱ्याला कारागीर म्हटलं गेलं. शंभर-सव्वाशे वर्षं कागदोपत्री तो परवानाधारकाचा मजूर किंवा आरोपी होता. एका शब्दाने पोट भरत नाही, पण तो शब्द महत्त्वाचा आहे.

तिसरं मोहाचं. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं उठवली. 1892 पासून मोजा, किती पिढ्या झाल्या. गोव्याने काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि पुढे तिला वारसा पेय ठरवलं. तिथे काजू पिळणारा माणूस राज्याच्या अभिमानाचा विषय झाला. आपल्याकडे तसा विचार अजून बाल्यावस्थेत आहे.

आता सुरुवातीचा मुद्दा आठवा. ताडी प्रवास करत नाही. पण ताडगूळ करतो. नीरा आटवून केलेला गूळ महिनोन्‌महिने टिकतो. बेल्जियममध्ये बिअरच्या टाकीत साखरेचा पाक घालायची जुनी पद्धत आहे. त्याने रंग येतो, चव येते, अंग हलकं राहतं. त्या जागी डहाणूचा ताडगूळ घालता येईल. त्यासाठी इथे एकही थेंब दारू बनवावी लागत नाही. पाड्यावर पहाटे नीरा उतरेल, कढईत आटेल, बचत गट किंवा सहकारी संस्था तो गूळ तोलून, पारखून, नाव लावून पुण्या-मुंबईच्या बिअरशाळांना विकेल. बिअरशाळेने नाही घेतला तर मिठाईवाला घेईल, चहावाला घेईल. गिऱ्हाईक एकावर अवलंबून राहत नाही.

यात अडचणीही आहेत, त्या लपवून उपयोग नाही. नीरा आटवायला सरपण भरपूर लागतं. ताड रसाला यायला बारा-पंधरा वर्षं लागतात, म्हणजे आज लावलेलं झाड पुढच्या पिढीचं. झाडावरून पडून माणसं जायबंदी होतात, मरतात. विमा आणि सुरक्षेचा पट्टा नसेल तर कुणी आई आपल्या पोराला चढ म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. दुसरीकडे शहरांतल्या ताडीच्या दुकानांत क्लोरल हायड्रेट मिसळलेली विषारी ताडी सापडत आली आहे. अनेकदा तिथे झाडाचा रस नावालाच असतो. त्याने माणसं मरतात, आणि बदनाम होतो तो खरा रस काढणारा.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. डहाणूत पेयाचा कुठलाही नवा धंदा आला, मग तो बिअरचा असो, वाइनचा, नीरेचा की मोहाचा, तर पहिला प्रश्न हा विचारा : परवाना कुणाच्या नावावर आहे? झाड छेदणाऱ्याच्या, त्याच्या गटाच्या, ग्रामसभेच्या नावावर असेल तर काम इथे राहील. बाहेरच्या कुणाच्या नावावर असेल तर 1878 ची गोष्ट नव्या पाटीखाली पुन्हा सुरू होईल. दुसरा प्रश्न बायकांनी विचारायचा : या धंद्याने आमच्या घरात पैसा येणार की घरातला जाणार? देवीच्या वेळी हाच प्रश्न होता. ग्रामसभेत तो मोठ्याने विचारायचा अधिकार आज आपल्याला आहे.

आता त्या तरुणाचं उत्तर. तुझा आजा करायचा ते क्राफ्टच होतं, बाबा. कुठल्या फुलोऱ्याला किती दाबायचं, चकती किती पातळ काढायची, कुठल्या तासाला मडकं उतरवायचं, हे पुस्तकात वाचून येत नाही. मुंबईच्या ब्रूअरला यीस्टची काळजी घेताना जे डोळे आणि नाक वापरावं लागतं तेच त्यालाही लागायचं. फरक एवढाच पडला की ब्रूअरला कायद्याने कारागीर व्हायची जागा दिली, आजाची काढून घेतली.

आम्ही त्याला एक विनंतीही केली. सुट्टीला घरी येशील तेव्हा आजाकडून हे सगळं नीट लिहून घे. झाडाचे प्रकार, छेदाची पद्धत, हंगाम, मडक्याची चाल, सगळं. तो म्हणाला, आजा आता चढत नाही, पण खाली उभं राहून सांगतो. तेवढं पुरे आहे. मोबाईलवर चित्रण करता येतं.

इथे थांबतो. आजींनी मघाशी मागून हात वर केला होता, शिंदी आणि ताडाच्या रसातल्या फरकाबद्दल त्यांना काही सांगायचं आहे. त्या आमच्यापेक्षा जास्त जाणतात. माईक त्यांच्याकडे द्या.